हाडांना भार हवा

आषाढ-श्रावणात गोव्यातल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि विहिरीकडे, गोठ्यामागे किंवा अंगणात कुणीतरी वयस्कर माणूस घसरतं. खुब्याचं हाड मोडतं, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेतात, शस्त्रक्रिया होते. पेशंट घरी आला की मायेपोटी सगळे त्याला खाटेला खिळवून ठेवतात. पेज खाटेवर, चहा खाटेवर, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो, "हालू नका, पडून राहा." ही माया खरी असते. पण पडून राहिलेल्या शरीराचं काय होतं, हे आता नीट मोजलेलं आहे, आणि ते मोजण्यात अंतराळप्रवासाचा मोठा वाटा आहे.

अंतराळात पायांना शरीर पेलावं लागत नाही. ही अवस्था जमिनीवर घडवण्यासाठी निरोगी माणसांना खाटेवर झोपवतात. खाटेची डोक्याकडची बाजू ६ अंशांनी खाली असते, आणि जेवणापासून आंघोळीपर्यंत सगळं तसंच आडवं राहून उरकायचं. फ्रान्समध्ये तुलूझला आणि जर्मनीत कलोनला असे ६०-६० दिवसांचे प्रयोग झाले आहेत. मॉस्कोत १९८६-८७ मध्ये तर ३७० दिवसांचा प्रयोग झाला.

मला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग मात्र डॅलसचा वाटतो. १९६६ मध्ये विशीतले पाच तरुण तीन आठवडे अंथरुणात राहिले. जोरात श्रम करताना ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. पन्नाशीतही त्यांची क्षमता त्या तीन आठवड्यांनंतर होती तितकी खाली गेलेली नव्हती! तीस वर्षांच्या वयानं केलं नाही ते तीन आठवड्यांच्या खाटेनं केलं. आणि ते तर धडधाकट तरुण होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्ध फक्त १० दिवस झोपून राहिले, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस झडलं.

हे घडतं कसं? आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. मग लघवीवाटे ते बाहेर टाकलं जातं, आणि काही दिवसांतच रक्तातला द्रवभाग १० ते १५ टक्के कमी होतो. म्हणून बऱ्याच दिवसांनी उठणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. हाडांचं वेगळंच. हाड सतत झिजतं आणि सतत नव्यानं घडतं, आणि भार पडला तरच घडणं झिजण्याच्या बरोबरीनं चालतं. भार गेला की कॅल्शियम लघवीतून वाहून जातं, मुतखड्याचा धोकाही वाढतो. पुरेसा व्यायाम नसेल तर अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्यांनी विरळ होतं. पाळी गेलेल्या स्त्रीला एवढी झीज व्हायला सुमारे वर्ष लागतं.

जून १९७० मध्ये सोयूझ-९ या सोव्हिएत यानातून १८ दिवसांनी परतलेल्या निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह या अंतराळवीरांना धड उभंही राहता येईना. त्यानंतर व्यायाम हा मोहिमांचा कणाच झाला. १९९५ मध्ये वालेरी पोल्याकोव्ह ४३७ दिवसांनी उतरले, ते यानातून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले.

पण कुठला व्यायाम? इथंच खरी मेख आहे. नासाच्या एम्स केंद्रात ३० दिवसांच्या एका प्रयोगात काहींनी झोपूनच सायकल मारली, दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास, मध्ये मध्ये जोर वाढवत. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता टिकली. काहीच न करणाऱ्यांची १८ टक्क्यांनी गेली. सायकल हृदयाला जपते, पण हाडांचं तेवढ्यानं भागत नाही. अंतराळस्थानकावर सुरुवातीला व्यायामाचं जे यंत्र होतं ते साधारण १३६ किलोपर्यंतच ताण देई, आणि रोज व्यायाम करूनही हाडं झिजत. बैठक मारताना पृथ्वीवर स्वतःचं वजन आपोआप उचललं जातं. तिथं तेही यंत्रानंच द्यावं लागतं, म्हणून १३६ किलो अपुरे पडत. २००८ मध्ये निर्वात नळकांड्यांचं नवं यंत्र गेलं, २७२ किलोपर्यंत ताण देणारं. ते वापरणाऱ्या, पोटभर खाणाऱ्या आणि ड जीवनसत्त्व पुरेसं घेणाऱ्या अंतराळवीरांच्या हाडांची घनता बहुतांश टिकली. हाडाला भार किती मिळाला, यावर सगळं ठरलं.

घरच्या खाटेवर अर्थातच असं यंत्र लागत नाही. घोटे वरखाली हलवले की पोटरी रक्त वर ढकलते, गुठळी होण्याचा धोका कमी होतो. गुडघे वाकवून, पावलं गादीवर दाबून कुल्ले उचलले की मांड्या आणि पाठ कामाला लागतात. पण झोपून केलेल्या व्यायामानं चक्कर टळत नाही. त्यासाठी उठून बसावंच लागतं, पाय जमिनीला टेकवावे लागतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पूर्वी कित्येक आठवडे सक्तीनं झोपवत. १९५२ मध्ये बॉस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा मोठी खळबळ माजली होती. आज खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर, काही अडचण नसेल तर, दुसऱ्याच दिवशी उभं करतात.

पेशंट घरी आला की जेवणं तरी खुर्चीत व्हावीत. नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत. सोबत मासळी, अंडी, अळसांद्यांचं तोणाक (चवळीची दाट आमटी), डाळ हवी. प्रत्येक मोडलेलं हाड सारखं नसतं, म्हणून इस्पितळातून निघण्याआधी डॉक्टरांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: दुखऱ्या पायावर किती वजन टाकायचं, कधीपासून, आणि कुठल्या हालचाली अजून करायच्या नाहीत.