नाणेघाट
नाणेघाट : जुन्नर (जि. पुणे) आणि मुरबाड (जि. ठाणे) या तालुक्यांच्या सीमेवरील प्राचीन घाटवाट. पैठणहून जुन्नरमार्गे कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाणारा व्यापारी मार्ग येथे सह्याद्री उतरत असे. कोकणातील वैशाखरे गावाकडून चढण सुरू होते. शेवटी वाट कातळात खोदलेल्या अरुंद नळीतून घाटघरच्या पठारावर निघते. जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले या मार्गाच्या पहाऱ्यावर होते.

माथ्याजवळच्या लेण्यातील प्राकृत भाषेतील, ब्राह्मी लिपीतील लेख हा सातवाहन राजघराण्याच्या इतिहासाचा पायाभूत पुरावा होय. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण (बलराम), वासुदेव (कृष्ण) व चार लोकपाल (दिशांचे रक्षक देव) यांना वंदन असून पुढे अश्वमेधादी यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा नोंदविल्या आहेत. २४,४०० कार्षापणांसारखे (कार्षापण : प्राचीन नाणे) आकडे अंकांत कोरले आहेत. त्यांत शून्य वा स्थानमूल्य नाही. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले की चार हजार होतात. पुराभिलेखतज्ज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी हे अंक उलगडले. मागील भिंतीवर राजपरिवाराच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या असल्या, तरी सिमुक सातवाहन, देवी नायनिका (मराठी ग्रंथांत रूढ : नागनिका) व श्री सातकर्णी यांची नावे राहिली. यज्ञ व दक्षिणा नोंदविणारा मुख्य लेख एका राणीचा असून त्यातील तिचे नाव झिजले आहे. ती नागनिकाच, हे अनुमान प्रतिमांच्या या नावांवरून केले जाते.

लेखाच्या काळाविषयी मतभेद आहेत. पुराभिलेखतज्ज्ञ ब्यूलर यांनी तो इ.स.पू. दुसऱ्या शतकातील मानला. पुराभिलेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार अक्षरवटिकेवरून (अक्षरांच्या वळणावरून) इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत खाली येतात. यांपैकी लेख नंतरचा मानणारे, सरकार यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

‘नाणे’ या शब्दावरून व माथ्यावरील दगडी रांजणावरून येथे जकात घेतली जाई, असा समज रूढ आहे. एवढ्या वर्दळीच्या वाटेवर जकात असणे संभवनीय आहे. तथापि उपलब्ध लेखात जकातीचा उल्लेख नाही, तो यज्ञ व दानाचाच आहे. रांजण नाण्यांसाठीच होता, असे त्यामुळे खात्रीने म्हणता येत नाही. वाटसरूंच्या पाण्यासाठीही तो असू शकेल. लगतच्या सुळक्याला ‘नानाचा अंगठा’ म्हणतात.

आता कल्याण–नगर वाहतूक माळशेज घाटातून चालते. नाणेघाटाची वाट पायीच चढावी लागते.