वाडीतल्या बंद घराचा कॅमेरा कोण हॅक करणार?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिमगा आणि गणपती सोडले तर कुलूपबंद राहणाऱ्या कितीतरी घरांवर आता कॅमेरे आहेत. चाकरमानी मुंबईत बसून मोबाइलवर खळं, पडवी, कलमांची बाग बघतात. पासवर्डचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे, हॅकर इथे कशाला येईल?

हा समज साफ चुकीचा आहे. हॅकर घर निवडतच नाही. इंटरनेटवरच्या उपकरणांना मिळणारे आकडी पत्ते, म्हणजे आयपीव्ही-४ पत्ते, साधारण ४३० कोटी. ते सगळे एका प्रोग्रामने तासाभरात चाचपता येतात, हे संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवलं. अशा प्रोग्रामला देवगड काय नि दादर काय, सारखंच.

२०१६ मध्ये मिराय या मालवेअरने (उपकरणात शिरून ते ताब्यात घेणाऱ्या घातक प्रोग्रामने) हेच केलं. कंपनीने घालून दिलेले साठेक ठरावीक पासवर्ड लावून पाहत त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारे डबे), राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांकरवी वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेट-पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर विनंत्यांचा मारा झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. उपकरणं वरवर चालूच राहत, त्यामुळे मालकाला सहसा पत्ताही लागत नसे.

वीज जाऊन आली की मिराय मेमरीतून पुसला जाई, हे खरं. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जातेच. पण पासवर्ड तोच राहिला, तर तो काही मिनिटांत पुन्हा शिरू शके.

म्हणून कॅमेरा बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड आजच बदला, फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि बाहेरून बघण्यासाठी राउटरमध्ये उघडलेला पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याचा दरवाजा) त्याच्याकडून बंद करून घ्या.