कूलरवर पडलेल्या बँडला झोप लागत नाही

"मी तर आठ दिवस हाताला लावलाच नाही, मग चार्जिंग खाल्लं कोणी?" आईनं हे ज्या आवाजात विचारलं ना, त्या आवाजात ती एरवी डब्यातली संत्रा बर्फी कोणी संपवली ते विचारते. नागपूरचा मे महिना, बाहेर ४४, मनगटावर पट्ट्याखाली घामोळ्या आल्या म्हणून तिनं झोप मोजणारा बँड काढला आणि खोलीतल्या कूलरच्या टपावर, घडी करून ठेवलेल्या दुपट्ट्यावर टाकून दिला. काढला तेव्हा ५५ टक्के चार्ज होता, आठ दिवसांनी पाहिलं तर स्क्रीन काळा.

मोबाईल दुरुस्तीवाल्याला विचारलं तर तो म्हणे, "भाऊ, लिथियमची बॅटरी पडल्या पडल्या उतरतेच." उतरते, खरं आहे. बॅटरीला काहीच जोडलेलं नसलं तरी आतल्या आत बारीकसारीक रासायनिक क्रिया चालू असतात आणि थोडा चार्ज वाया जातो. पण किती, तर साध्या हवामानात महिन्याला २ ते ३ टक्के. आईच्या बँडची बॅटरी २०० एमएएच (मिलीअँपिअर-तास, बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) धरा, म्हणजे महिन्याभरात ४ ते ६ एमएएच गेले. उलट हाच बँड हातावर १४ दिवस चालतो म्हणजे दिवसाला १४ एमएएच खातो. ज्याचा महिन्याचा खर्च दुसऱ्याच्या एका दिवसाच्या निम्माही नाही, त्याच्या माथी आठ दिवसांत ५५ टक्के मारणं काही बरोबर नाही.

आणि एक गंमत बघा, १४ दिवसांत १०० टक्के तर आठ दिवसांत किती? साधारण ५७. म्हणजे बँड हातावर असता तर जेवढं खाल्लं असतं जवळजवळ तेवढंच त्यानं पडल्या पडल्या खाल्लं. तिथंच माझी ट्यूब पेटली. ॲप उघडलं तर हार्ट रेटच्या रकान्यात ९६, ९८, १०४ असे आकडे रांगेत बसलेले आणि एका रात्री तर साडेसात तासांची झोप. कोणाची, तर कूलरची!

आता यात बँड काही मूर्ख नाही, त्याची अडचण समजून घ्या. झोप ओळखायचा सगळ्यात जुना उपाय म्हणजे हालचाल मोजणं. बँडमध्ये एक ॲक्सेलरोमीटर असतो, हात हलला की त्याला कळतं, बराच वेळ हलला नाही की माणूस झोपला असं तो धरतो. हा सेन्सर खायला अगदी कमी, काही मायक्रोअँपिअर (मिलीअँपिअरचा हजारावा भाग), दिवसाला पाव एमएएचसुद्धा नाही. पण टेबलावर पडलेला बँड आणि गाढ झोपलेल्या माणसाचा हात, दोन्ही सारखेच स्थिर, मग फरक कसा करायचा? म्हणून मागच्या बाजूचा दिवा मदतीला येतो. हिरवा प्रकाश कातडीवर पडतो, रक्तातलं हिमोग्लोबिन तो चांगला शोषतं, ठोक्यागणिक रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा उजेडही कमीजास्त होतो, त्यावरून नाडी मोजतात. हातावर आहे की नाही हे पाहायला बरेच बँड डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड दिवा मधूनमधून लावून बघतात, उजेड परत आला तर समोर काहीतरी आहे. पण हे दिवे मिलीअँपिअरमध्ये खातात, सेन्सरच्या शेकडो पट, म्हणून ते क्षणभरच लावायचे असा सगळा डाव असतो.

आईनं बँड कसा ठेवला होता? दिव्याची बाजू खाली, दुपट्ट्यावर दाबून. कापडानं उजेड परत पाठवला, बँडला वाटलं कातडी आहे. वरून कूलरची थरथर, म्हणजे हालचाल पण चालू! झाली ना खात्री, माणूस आहे, करा नाडी सुरू.

आणि त्या ९८ च्या आकड्याबद्दल माझा एक अंदाज आहे, बँड काही खोलून पाहिला नाही मी. छोट्या कूलरचा पंखा मिनिटाला १४०० च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २३ च्या थोडं वर. बँड सेकंदाला २५ वेळा उजेड मोजत असेल तर या दोघांतला फरक उरतो सेकंदाला दीडपावणेदोन, म्हणजेच मिनिटाला १०० च्या आसपास. सिनेमात टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार. बँडला पंखा दिसलाच नाही, त्याला दिसला जरा धास्तावलेला माणूस. (अरे बाप्पा, माझी नाडी ऐंशीच्या वर कधी जात नाही, हे ९८ कोणाचे, असं आईचं म्हणणं होतं.)

बरं, दुपट्टा काढला, बँड पालथा न ठेवता आडवा कपाटात ठेवला, तरी काम संपत नाही. ब्लूटूथ राहिलं ना. फोन जवळ असला की दोघांची वेळ ठरलेली असते, ठरल्या वेळी पटकन बोलायचं आणि परत गप्प. फोन लांब गेला किंवा फोनचं ब्लूटूथ बंद केलं की बँड हाका मारायला लागतो, मी इथे आहे, मी इथे आहे, त्यासाठी राखलेल्या तीन चॅनलवर एकापाठोपाठ. दोन हाकांमधलं अंतर २० मिलिसेकंदांपासून १० सेकंदांपर्यंत काहीही ठेवता येतं आणि सगळा खर्च त्यावर ठरतो. चांगल्या बँडमध्ये थोडा वेळ जोरात हाका मारून मग आवाज कमी करतात, सगळेच तसं करतात असं नाही. त्यामुळे बॅटरी वाचावी म्हणून फोनचं ब्लूटूथ बंद करणारे लोक बरेचदा फोनचं वाचवतात आणि बँडचं घालवतात.

आमच्याकडे तर याच्याही पुढचा उपाय झाला. आईनं कुठंतरी ऐकलं की लोखंडात सिग्नल जात नाही, म्हणून चार्ज केलेला बँड तिनं पोह्यांच्या रिकाम्या स्टीलच्या डब्यात टाकून झाकण गच्च लावलं. सिग्नल खरंच अडतो. पण मग बँड आत बसून हाका मारून राहिला आणि फोनला ऐकूच येत नाही, म्हणजे तो आणखी मारून राहिला.

बंद करणं हा खरा उपाय, पण "बंद" चेही प्रकार असतात. स्क्रीन काळा होणं म्हणजे बंद नाही. सेटिंगमध्ये जाऊन पॉवर ऑफ केलं की बहुतेक सगळं थांबतं. कारखान्यातून निघताना तर शिप मोड नावाची एक अवस्था असते, त्यात एक इलेक्ट्रॉनिक स्विच बॅटरीला बाकी सर्किटपासून तोडूनच टाकतो आणि गळती नॅनोअँपिअरवर, म्हणजे मायक्रोच्याही हजाराव्या भागावर येते. नवीन बँड चार्जरला लावल्याशिवाय चालू होत नाही तो यामुळेच, आणि दुकानात सहा महिने पडूनही त्यात चार्ज निघतो तोही यामुळेच.

स्मार्ट रिंगवाल्यांचं दुखणं वेगळं. अंगठीत बॅटरी मावते १५ ते २० एमएएच. समजा पडल्या पडल्या ३० मायक्रोअँपिअर जातात, तर २०० एमएएचचा बँड नऊ महिने टिकेल आणि २० ची अंगठी चार आठवडे. गळती तीच, पण घागरीऐवजी फुलपात्र. त्यात अंगठीला बटणही नसतं.

पूर्ण उतरलेला बँड मात्र तसाच ड्रॉवरमध्ये टाकू नका. ३ व्होल्टच्या आसपास आतलं सर्किट कनेक्शन तोडतं, तरी थेंबथेंब गळती चालूच राहते. महिनोन्महिने तसं राहिलं की व्होल्टेज फार खाली जातं आणि आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, मग ती बॅटरी गेलीच समजा. अशा अर्धमेल्या बॅटरीला चार्जर आधी अगदी बारीक करंट देतो, म्हणून लावल्यावर दहावीस मिनिटं काहीच दिसत नाही आणि लोक बँड मेला म्हणून मोकळे होतात. थांबा जरा.

आणि आपलं ऊन. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि नवतपात (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखालच्या कपाटात काय होतं ते आपल्याला सांगायला नको. तापमान १० अंश वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. पण उतरलेला चार्ज परत भरता येतो, क्षमता गेली ती गेली. ४० अंशांत वर्षभर फुल चार्ज ठेवलेल्या लिथियम बॅटरीची क्षमता सुमारे ६५ टक्के उरते, ४० टक्के चार्जवर ठेवलेलीची सुमारे ८५. म्हणजे ठेवून द्यायचाच असेल तर "फुल करून ठेवू" हे चुकीचं, निम्मा भरा आणि बंद करा. फ्रिजमध्ये मात्र नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. दुपारी बँड चार्जच घेत नसेल तर घाबरू नका, ४५ अंशांच्या वर बहुतेक चार्जिंग सर्किट नकारच देतात, रात्री लावून बघा.

आईचा बँड सध्या ५० टक्क्यांवर बंद करून खालच्या मजल्यावर देवघराच्या ड्रॉवरमध्ये आहे. पाऊस पडला की लावीन म्हणते. पोह्यांचा डबा तिनं परत घेतला, आणि कूलरची झोप ॲपमधून अजून पुसलेली नाही, कारण महिन्याची सरासरी चांगली दिसते म्हणे.