बोमा की सना : ॲनिमल किंग्डम लॉजमध्ये एकट्याने जेवताना

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाणाऱ्या भारतीय प्रवाशाला ‘ॲनिमल किंग्डम लॉजमधल्या त्या आफ्रिकन रेस्टॉरंटमध्ये जेवून या’ असा सल्ला कोणीतरी देतेच, आणि सल्ला देणाऱ्याला बहुधा रेस्टॉरंटचे नाव नेमके आठवत नसते. तेथे आफ्रिकन धाटणीची रेस्टॉरंटे एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी बोमा आणि सना या दोघांची सर्वाधिक गल्लत होते, कारण दोन्हींचा मालक एक, हॉटेलचे नाव एक, आणि गवती छपरे व लाकडी कोरीवकाम अशी सजावटही एकाच वळणाची आहे. चार-सहा जणांचे कुटुंब चुकून एकाऐवजी दुसरीकडे गेले तरी फारसे बिघडत नाही. गप्पांच्या ओघात जेवण पार पडते. परंतु परिषदेसाठी ऑर्लँडोला आलेला, किंवा घरची मंडळी राइड्सच्या रांगांत असताना एक दुपार स्वतःसाठी राखणारा माणूस जेव्हा एकटा जेवायला बसतो, तेव्हा या दोन जागांमधला फरक त्याला पदोपदी जाणवतो.

आधी भूगोल स्पष्ट केलेला बरा. ॲनिमल किंग्डम लॉज हे एक हॉटेल असले तरी त्याच्या इमारती दोन आहेत. 2001 साली उघडलेली मूळ इमारत आज जाम्बो हाउस म्हणून ओळखली जाते आणि बोमा तिच्यात आहे. 2009 साली शेजारी किदानी व्हिलेज उभे राहिले, आणि सना त्याच्या तळमजल्यावर आहे. दोन्ही इमारतींमध्ये पायवाट आहे. रमतगमत चालल्यास दहाएक मिनिटे लागतात. या दोन्ही ठिकाणी जेवण्यासाठी थीम पार्कचे तिकीट लागत नाही, हा मुद्दा महत्त्वाचा, कारण ‘आफ्रिकन बुफे’ म्हटल्यावर काही जण टस्कर हाउस नावाच्या रेस्टॉरंटची जागा आरक्षित करून बसतात. ते मात्र ॲनिमल किंग्डम पार्कच्या आत आहे, तेथे डोनाल्ड डक आणि मंडळी टेबलापाशी फोटो काढायला येतात, आणि पार्कचे तिकीट नसेल तर दारातूनच परतावे लागते.

बोमा हा बुफे आहे. तो सकाळी न्याहारीला आणि संध्याकाळी जेवणाला उघडतो. दुपारी बंद असतो. सना हे टेबलावर वाढणारे रेस्टॉरंट असून तेथे दुपारचे आणि रात्रीचे जेवण मिळते. वेळापत्रकातला हा फरक क्षुल्लक वाटला तरी एकट्याच्या निवडीत त्याचा वाटा मोठा आहे. त्याकडे पुढे येऊच.

खाण्याच्या बाबतीत दोन्हींना ‘आफ्रिकन’ हे एकच विशेषण लावणे तसे ढोबळच आहे. बोमामध्ये आफ्रिका खंडाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पदार्थ आणि नेहमीचे अमेरिकन पदार्थ एकाच लांबलचक मांडणीत येतात: निरनिराळी सूप, भाजून समोर कापून दिले जाणारे मांस, सॅलड, आणि दक्षिण आफ्रिकेची बोबोटी, म्हणजे मसालेदार खिम्यावर अंड्याचा थर देऊन भाजलेला पदार्थ. सनाचा रोख त्यापेक्षा नेमका आहे. हिंदी महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांमध्ये शतकानुशतके चाललेल्या व्यापारातून आणि स्थलांतरातून आफ्रिकेच्या स्वयंपाकात जे भारतीय रंग मिसळले, त्यांवर तेथील बेत आधारलेला आहे. पूर्व आफ्रिकेत चपाती आणि समोसा आज घरचे पदार्थ आहेत, दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये भारतीय वंशाच्या लोकांची करी हा तिथल्या शहराचाच पदार्थ मानला जातो, आणि मोझांबिक व गोवा एकाच पोर्तुगीज सत्तेखाली असल्याने पेरी-पेरी या तिखट मिरचीच्या सॉसची चव दोन्हीकडे ओळखीची आहे. त्यामुळे सनामध्ये तंदूर आहे, नान आहे, बटर चिकन आहे. मराठी वाचकाने येथे एक अपेक्षा मात्र दाराबाहेर ठेवावी. सनाचे नान वाईट नसते, परंतु केवळ नानसाठी कोणी तेथे जाऊ नये. तसे नान न्यू जर्सीतल्या कोणत्याही बऱ्या भारतीय खानावळीत कमी पैशांत मिळते. सनामध्ये जे खरोखर वेगळे आहे ते खिडकीबाहेर आहे.

एकट्या माणसाच्या दृष्टीने बुफेची पहिली अडचण अगदी व्यावहारिक आहे: प्रत्येक वेळी वाढून घ्यायला उठल्यावर टेबल निर्मनुष्य होते. दोघे असतील तर एक बसतो, एक उठतो. एकट्याला मात्र पासपोर्ट, पाकीट, फोन आणि कॅमेरा अंगावर बाळगूनच सूप, सॅलड आणि गोडाच्या फेऱ्या माराव्या लागतात, आणि परतल्यावर अर्धी खाल्लेली प्लेट कर्मचाऱ्याने उचलून नेलेली असण्याचीही शक्यता असते. यावर उपाय सोपा आहे. बसतानाच वेटरला आपण एकटेच असल्याचे सांगावे, आणि उठताना रुमाल खुर्चीवर ठेवावा, म्हणजे माणूस परत येणार आहे हे कळते. छोट्या, अंगावर अडकवता येणाऱ्या पिशवीतच सगळे सामान मावले तर उत्तम; पार्कात विकत घेतलेल्या खेळण्यांच्या पिशव्या घेऊन तर बोमाला एकट्याने जाऊच नये.

दुसरी अडचण आवाजाची. बोमा हे मोठे, उघडे दालन आहे. कुटुंबे, लहान मुले, भांड्यांचा खणखणाट आणि सततची ये-जा यांनी ते भरलेले असते. काहींना हाच गलबला हवासा वाटतो, कारण अशा गर्दीत एकट्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही आणि संकोच आपोआप नाहीसा होतो. हा बोमाचा खरा गुण आहे आणि तो कमी लेखू नये. ज्याला हॉटेलात एकटे बसण्याचीच लाज वाटते, त्याच्यासाठी बुफेसारखी सोपी जागा नाही: बसल्यापासून हाताला काम असते, आणि मेनू घेऊन वाट पाहत ताटकळण्याची वेळ येत नाही. पाऊण तासात जेवण उरकून बाहेर पडता येते. मात्र उठबस थांबली की नजर टेकवायला समोर काहीच नसते. बोमाच्या टेबलांवरून प्राणी दिसत नाहीत, आणि येथेच सर्वाधिक लोक फसतात. लॉजच्या जाहिरातीतले जिराफ आपल्या टेबलापाशी दिसतील या समजुतीने ते बोमाचे आरक्षण करतात. जाम्बो हाउसच्या मागच्या बाजूने प्राणी पाहता येतात, पण त्यासाठी जेवणाआधी किंवा नंतर वेगळे बाहेर जावे लागते.

सनाच्या एका बाजूला मोठ्या खिडक्या आहेत आणि त्यांच्या पलीकडे गवताळ मैदान. लॉजच्या अशा मैदानांवर तीसहून अधिक जातींचे प्राणी आणि पक्षी राहतात. सनातून झेब्रा, जिराफ, प्रचंड शिंगांची अंकोले गुरे यांपैकी काही ना काही बहुतेक वेळा दृष्टीस पडते. एकट्याने जेवताना दोन घासांच्या मधल्या वेळेचे काय करायचे हा खरा प्रश्न असतो, आणि बहुतेक जण तो फोनमध्ये डोके घालून सोडवतात. सनामध्ये तो प्रश्न उद्भवत नाही. शिवाय पदार्थ एकामागून एक येत असल्याने बसून राहण्याला कारण मिळते, घाई करण्याचे कारण उरत नाही, आणि टेबल सोडून कोठे जावेही लागत नाही.

या सगळ्याला एकच अट आहे, ती म्हणजे उजेड. डिसेंबरअखेरीस ऑर्लँडोत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तर जूनअखेरीस जवळजवळ साडेआठपर्यंत उजेड असतो. हिवाळ्यात रात्री आठचे टेबल घेतले तर खिडकीत स्वतःचे प्रतिबिंब पाहत जेवावे लागेल, आणि मग सनाचा निम्मा मोबदला वाया गेला. म्हणून दुपारी उशिरा, तीन ते साडेचारच्या दरम्यान, दुपारचे आणि रात्रीचे जेवण यांच्या सीमेवर जाणे एकट्यासाठी सर्वांत हिताचे. कुटुंबे त्या वेळी पार्कात असतात, आणि उन्हाळ्यात भर दुपारी सावलीत बसून राहणारे प्राणीही उन्हे कलू लागली की हालचाल करू लागतात. खिडकीजवळचे टेबल आधी राखून ठेवता येत नाही. दाराशी नाव सांगतानाच, थोडे थांबावे लागले तरी चालेल असे नम्रपणे सांगावे.

सनामध्ये काय मागवावे, या प्रश्नाला बहुतेक जण ‘ब्रेड सर्व्हिस’ असे उत्तर देतात. यात साधे, लसूण-आल्याचे आणि मसालेदार नान, कांदा कुलचा आणि पनीर पराठा असे पाच प्रकार, आणि त्यांसोबत चिंचेची व आंब्याची चटणी, रायते, लसणाचे लोणचे, हमस, सांबल अशी नऊ तोंडीलावणी येतात. मूळ कल्पना चौघांत वाटून खाण्याच्या प्रारंभिक पदार्थाची आहे, त्यामुळे एकट्याने याच्यासोबत मुख्य पदार्थही मागवला तर निम्मे अन्न उरणार हे नक्की. याउलट तेच एक पूर्ण जेवण मानले तर ते पोटभर होते, आणि उरलेले पराठे बांधून खोलीवर नेता येतात. बुफेतून मात्र काहीही बांधून नेता येत नाही.

हिशेबही येथेच निकाली निघतो. बोमाच्या रात्रीच्या बुफेला माणशी पन्नास डॉलरपेक्षा जास्त पडतात, वर कर आणि 18 ते 20 टक्के टिप. आणि वेटर फक्त पेये आणतो व प्लेटा उचलतो म्हणून टिप टाळणे तेथे शिष्टसंमत नाही. चार प्लेटा खाणाऱ्याला हा दर परवडतो. सनाची ब्रेड सर्व्हिस वीस-पंचवीस डॉलरच्या घरात जाते. नान-चटणीसाठी तेवढेही पैसे देणे कोणाही मराठी माणसाच्या जिवावर येईल, हे मान्य. पण जो माणूस एका वेळी दीड प्लेट खातो त्याने बुफेचे पन्नास डॉलर मोजणे हा त्याहून मोठा तोटा आहे.

शाकाहारी माणसाने निवड करताना फार डळमळण्याचे कारण नाही. सनामध्ये ब्रेड सर्व्हिसखेरीज पनीर किंवा डाळीचा एखादा पदार्थ सामान्यतः असतो, आणि जे ताट समोर येते ते एकाच्याच मागणीनुसार बनलेले असते. बोमामध्येही शाकाहारी पदार्थ पुरेसे असतात, परंतु मांसाच्या शेजारी मांडलेले अन्न आणि इकडचा चमचा तिकडे जाणे ज्याला चालत नाही, त्याला बुफे मानवणार नाही. ॲलर्जी किंवा पथ्य सांगितल्यास शेफ स्वतः बुफेपाशी येऊन काय घ्यावे ते दाखवतो. ती सोय एकट्यानेही निःसंकोच मागावी. बोमाचे सर्वांत गाजलेले गोड म्हणजे झेब्रा डोम, पांढऱ्या चॉकलेटच्या पट्टेदार आवरणाखालचे मूस. त्यात अमारुला नावाचे दक्षिण आफ्रिकी क्रीम लिकर असते, हे मद्य न घेणाऱ्याने लक्षात ठेवावे, आणि जिलेटिनविषयीही विचारून घ्यावे.

दोन्हींचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते. एकट्यासाठी टेबल दिसत नाही म्हणून दोघांचे आरक्षण करण्याची क्लृप्ती काही जण सुचवतात. ती टाळावी; आरक्षण करून कोणीच न आल्यास माणशी दहा डॉलर आकारले जातात, आणि ठरलेल्या वेळेच्या किमान दोन तास आधी रद्द केले तरच ते वाचतात. त्यापेक्षा सनाला लागून असलेला लाउंज अधिक उपयोगी आहे. तेथे बारच्या उंच खुर्च्यांवर आरक्षणाशिवाय बसता येते, ब्रेड सर्व्हिस मिळते आणि बारटेंडर बोलका असला तर सोबतही होते. अशा ठिकाणी चौघांना जागा मिळणे दुरापास्त असते, एकट्याला सहसा मिळते. एकट्याने फिरण्याचे जे थोडे फायदे आहेत त्यांपैकी हा एक, आणि बोमाला त्याच्या तोडीचे उत्तर नाही.

मग बोमा केव्हा निवडावा? सकाळी, निःसंशय. न्याहारीचा बुफे रात्रीपेक्षा स्वस्त असतो, पार्कात दिवसभर चालायचे असल्याने पोट भरून घेण्याला अर्थ असतो, आणि सना त्या वेळी टेबलावर वाढत नसल्याने तुलनेचा प्रश्नच येत नाही. दिवसभर पार्कात पायपीट करून अंधार पडल्यावर कडकडीत भूक लागलेली असेल, तरीही बोमाच बरा. हिवाळ्याच्या संध्याकाळी सनाच्या खिडक्या काळ्या झालेल्या असतात, आणि ज्याला फक्त भरपूर आणि लवकर खायचे आहे त्याला नऊ चटण्यांत रस नसतो.

टॅक्सीने जाणार असाल तर चालकाला नुसते ‘ॲनिमल किंग्डम लॉज’ सांगू नये. तो बहुधा जाम्बो हाउसच्या दारात सोडतो. सनासाठी ‘किदानी व्हिलेज’ असेच सांगावे. डिस्नेच्या मोफत बसने येणाऱ्याने उतरण्यापूर्वी थांब्याची पाटी वाचावी. दुसऱ्या डिस्ने हॉटेलातून येथे सहसा थेट बस नसते. एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्ज या डिस्नेच्या खरेदी-खाण्याच्या परिसराला जाऊन बस बदलावी लागते, आणि यात सहज तास-दीड तास जातो. संध्याकाळच्या उजेडासाठी निघालेल्या माणसाने तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघावे.