जंगलातल्या तळ्यावर कनू घेऊन जाताय? निघायच्या आधी हे वाचा

आमच्याकडे कनूचं (म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांबट, हलक्या होडीचं) बुकिंग करताना बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात की मासे कुठले मिळतील, आम्ही मात्र आधी वाऱ्याचं बोलतो. सकाळी पाणी आरशासारखं असतं, पण ऊन तापलं की वारा सुटतो आणि भरलेली कनू मोठ्या तळ्याच्या मधोमध अडकली तर वल्हं मारून खांदे भरून येतात तरी काठ काही जवळ येत नाही. म्हणून उजाडताच निघा, दुपारी काठावर असा, आणि लांब पडलं तरी काठाकाठानेच जा. एक दिवस हातात जादा ठेवाच ठेवा, कारण परतीची घाई असली की माणूस नको त्या वाऱ्यात कनू काढतो.

लाईफ जॅकेट अंगातच हवं, बुडाखाली नाही. गार पाण्यात पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास आवरत नाही, साधारण १० मिनिटांत बोटं ऐकेनाशी होतात, तेव्हा बकल लावायला जाल तर लागणार नाही. कनू उलटली तर तिला धरून राहा, ती तरंगते. जड सामान तळाशी आणि मधे ठेवा, लाटा वाढल्या की सीटवरून उतरून गुडघ्यांवर बसा.

आता मासे. ट्राउटला गार पाणी लागतं, त्यामुळे तळ्यावरचा बर्फ वितळल्या वितळल्या तो वरच सापडतो, भर उन्हाळ्यात मात्र खोल जातो, तिथे काठावरून गळ टाकून उपयोग नाही. बास हा मासा शोधायचा तर पाण्यात पडलेली झाडं, पाणवनस्पतींची कड बघा. सोडून द्यायचा मासा ओल्या हातानेच धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. गळाला बांधायची शिशाची वजनं कृपया आणू नका, पाणपक्षी ती गिळतात आणि विषबाधेने मरतात, खरंच वाईट वाटतं बघून.

मासेमारीचा परवाना आणि त्या तळ्याचे नियम निघायच्या आधीच बघून घ्या, आत रेंज नसते. कुठून जाणार, कधी परतणार हे कागदावर लिहून घरी ठेवा. तळ्याचं पाणी कितीही नितळ दिसो, खळखळ उकळूनच प्या.

आणि कनू परत आणताना आतलं पाणी तिथेच काढून टाका, चिकटलेलं गवत झाडा, उरलेलं जिवंत आमिष तळ्यात सोडू नका. एका तळ्यातली वनस्पती दुसऱ्यात अशीच जाते आणि मग ती काढता येत नाही.