मॉनिटरिंग लावलं की डेटाबेस मंदावतो?

महापे-ऐरोलीच्या ऑफिसांत हे वाक्य चहाइतकंच नेमाने कानावर येतं: 'फुकटचं मॉनिटरिंग टूल प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर, लावू नका, सर्व्हर बसेल.' मीही कित्येक वर्षं ते खरं मानत होतो.

समज आला कुठून, ते कळतं. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जनरल लॉग चालू ठेवला तर प्रत्येक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रत्येक प्रश्न, लिहिली जाते, डिस्कला घाम फुटतो. पण तो लॉग झाला. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमधलं पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे मॉनिटरिंगचं एक्स्टेंशन असं लिहीत बसत नाही. सारख्या साच्याच्या क्वेरी एकत्र करून, किती वेळा चालली आणि एकूण किती वेळ खाल्ला, एवढी बेरीज ते मेमरीत ठेवतं. भार पडतो, पण थोडाच. ते पोस्टग्रेससोबतच मिळतं, वेगळं विकत घ्यायचं नसतं. फक्त पहिल्यांदा लावताना सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. खरी कटकट तीच.

त्यातून दिसतं काय? आमच्याकडे सगळे सहा सेकंदांच्या एका रिपोर्टवर दात धरून होते. तो दिवसातून दहादा चालायचा, म्हणजे एक मिनिट. चार मिलिसेकंदांची एक गरीब क्वेरी मात्र तीन लाख वेळा चालत होती: वीस मिनिटं! स्लो लॉगमध्ये, म्हणजे ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींच्या नोंदीत, ती कधीच आली नसती. मायएसक्यूएलच्या स्लो लॉगची मूळ मर्यादाच 10 सेकंद आहे.

प्रोमिथियस आणि ग्राफाना ही मॉनिटरिंगची टूल्स तर हेच आकडे ठरावीक वेळाने वाचून आलेख काढतात. मात्र त्यांना त्याच डेटाबेस सर्व्हरवर कोंबू नका, वेगळं मशीन द्या.