'कॅलिब्रेट' दाबलं म्हणजे कॅलिब्रेशन झालं काय? पॉवर मीटरचा झिरो वेगळा आणि स्लोप वेगळा

सायकलवर तुम्ही किती वॅट लावताय ते मोजणारी पॉवर मीटरची पेडल घेतली, बसवली, हँडलवरच्या गार्मिन कॉम्प्युटरला जोडली, स्क्रीनवर 'कॅलिब्रेट' आलं, दाबलं, सक्सेसफुल, झालं काम. असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतंय. मग बेळगावच्या जांबोटी रोडला शेजारी शेजारी चालवताना मित्राच्या मीटरपेक्षा आपला १५-२० वॅट जास्त दाखवायला लागला की परत थांबून कॅलिब्रेट, तरी तेच, परत कॅलिब्रेट. कितीबी दाबा, काही होणार नाही, कारण ते बटण कॅलिब्रेशन करतच नाही, ते फक्त झिरो घेतं, म्हणजे जोर नसताना शून्य कुठं ते ठरवतं. खरं कॅलिब्रेशन म्हणजे स्लोप, किती जोराला किती आकडा दाखवायचा ते प्रमाण, ते फॅक्टरीत होतं, आणि दोन्हींची चूक वेगळ्या तऱ्हेनं नडते.

आत काय असतंय ते आधी बघू. पेडलच्या स्पिंडलला (आतल्या दांडीला), क्रँकला (पेडल लावतात त्या दांड्याला) नाहीतर स्पायडरला (क्रँक आणि दातेरी चकती जोडणाऱ्या भागाला) स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. तुम्ही जोर लावला की धातू अगदी किंचित वाकतो, गेजचा रेझिस्टन्स बदलतो, त्यावरनं टॉर्क (फिरवणारा जोर) काढतात, आणि टॉर्क गुणिले फिरायचा वेग म्हणजे वॅट. भाजी मार्केटातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात पण हेच गेज असतात, त्यामुळं फरक तिथंच नीट कळतो. रिकामी टोपली ठेवून झिरो करणं ही एक गोष्ट, ती भाजीवाली मावशी दिवसातनं किती वेळा करते तिलाच माहीत. आणि एक किलोचं वजन ठेवल्यावर काटा एक किलोच दाखवतोय काय हे वजनमापवाल्यांनी तपासून शिक्का मारणं ही दुसरी. मावशीनं कितीदा पण झिरो केलं तरी शिक्क्याचं काम त्यात होत नाही.

आता आकड्यात बघा. समजा झिरो १ न्यूटन मीटरनं (हे टॉर्कचं माप) चुकलाय. ९० केडन्सला, म्हणजे मिनिटाला पेडलचे ९० फेरे मारताना, त्याचे सव्वानऊ-साडेनऊ वॅट होतात, ६० केडन्सला सहाच्या आसपास. तुम्ही जोर किती लावताय याच्याशी त्या चुकीचा संबंध नाही, ती फक्त वर मिळवली जाते. म्हणजे सपाट रस्त्याला निवांत १३० वॅटवर चाललाय तर स्क्रीनवर १३९, सात टक्के फरक, आणि ३०० वॅटनं ढकलताय तर ३०९, म्हणजे तीन टक्के. वर राजहंसगडाच्या चढाला केडन्स पडला की चूक आपोआप कमी होणार. आणि उद्या तापमान बदललं की हा १ न्यूटन मीटर पण १ राहत नाही, अर्धा होतो नाहीतर उलटा होतो. असला आकडा धरून ट्रेनिंग कसं करायचं सांगा.

स्लोपची चूक तशी नाही. स्लोप ३ टक्के जास्त असेल तर १०० चे १०३ आणि ३०० चे ३०९, आज पण आणि पुढच्या महिन्यात पण. तुमचा खरा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारे वॅट) २२० असेल तर मीटर २२७ सांगेल, पण त्यावरनं काढलेला झोन टू (निवांत ट्रेनिंगचा पट्टा) पण तेवढाच वर सरकतो, आणि चालवताना दिसणारा आकडा पण तेवढाच वर. पायांना काही फरक पडत नाही. टेस्ट पण त्याच मीटरवर, इंटरव्हल पण त्याच मीटरवर, तर ३ टक्क्यांनी तुमचं काही बिघडत नाही, फक्त किलोमागं किती वॅट हे लोकांना सांगताना थोडी हवा होते, तेवढी चालतीय की.

म्हणून माझं मत असं, की लोक स्लोपची काळजी करतात आणि झिरो कसाबसा घेतात, ते बरोबर उलटं पाहिजे.

झिरो नीट घ्यायचा म्हणजे काय? डिसेंबरात पहाटे घरातनं सायकल बाहेर काढली की आत उबदार आणि बाहेर चांगली थंडी, धातू गार व्हायला वेळ लागतो. तर दारातच झिरो घेऊ नका. सायकल बाहेर १०-१५ मिनिटं राहू दे, तोवर हवा भरा, बाटली भरा, न आलेल्याला फोन लावा, आणि मग घ्या. सायकल सरळ उभी, पाय पेडलवरनं काढलेला, क्लीट (बुटाखालचा पेडलला अडकणारा तुकडा) सोडलेली, पेडल भिंतीला नाहीतर कट्ट्याला टेकलेलं नको, क्रँक कंपनीनं सांगितलेल्या पोझिशनला, बहुतेक मीटरना उभा. खोगीरावर बसून एक पाय क्लिप करून झिरो घेणारे मी रोज बघतोय, ते पायाचं वजन शून्य म्हणून शिकवतायत त्या बिचाऱ्या मीटरला. बॅटरी बदलली, पेडल काढून लावली, गाडीच्या कॅरियरवर सायकल नेली, की परत झिरो. नवीन पेडल कसून बसवल्यावर दोन-चार जोरदार स्प्रिंट मारा म्हणजे ती बसतात, आणि त्यानंतर झिरो.

चोर्ला घाटावरनं खाली गोव्यातल्या साखळी गावाकडं उतरलात तर वरची गार हवा आणि खालची गोव्याची उकड यात बराच फरक असतो, तिथं चहाला थांबल्यावर एकदा झिरो घ्यायला काय जातंय. आजकालचे बरेच मीटर तापमानाप्रमाणं स्वतः सुधारणा करतात, पॉवरटूमॅक्ससारखे काही तर पायडल मारणं थांबवलं की आपणहून झिरो घेतात, तरी निघताना एकदा हातानं घेतलेला बरा. झिरो घेतल्यावर जो आकडा येतो तो लक्षात ठेवा. प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो, त्यामुळं मित्राच्या आकड्याशी तुलना करू नका, स्वतःच्या कालच्या आकड्याशी करा. रोज थोडा हलणारा आकडा एकदम उडी मारायला लागला तर काहीतरी ढिलं झालंय नाहीतर बॅटरी संपत आलीय.

मग स्लोप तपासायचाच नाही काय? तपासायचा, पण कारण असेल तेव्हा. आपल्याकडं सगळ्यात मोठं कारण पाऊस. जून ते सप्टेंबर बेळगावात सायकल काढायची म्हणजे सोसायचं काम, सगळे घरात ट्रेनरवर (सायकल जागेवर लावून चालवायच्या यंत्रावर). मे महिन्यात रस्त्यावर पेडलवर काढलेला एफटीपी घेऊन जुलैत ट्रेनरचे वॅट बघितले की वाटतं फिटनेस गेला, आणि असतात दोन वेगळी मापं. यावर सोपा उपाय म्हणजे झ्विफ्टमध्ये (ट्रेनरवर चालवायच्या अॅपमध्ये) पॉवर सोर्स म्हणून पेडलच निवडायची. ट्रेनरचं स्पिनडाउन आणखी तिसरंच प्रकरण आहे, त्यात फ्लायव्हील (ट्रेनरचं जड चाक) थांबायला किती वेळ लागतो त्यावरनं आतलं घर्षण मोजतात, त्याचा तुमच्या पेडलशी काही संबंध नाही.

स्लोप खरंच बघायचा असेल तर माहीत असलेलं वजन टांगून बघतात. आधी झिरो, मग मागचा ब्रेक घट्ट आवळून क्रँक आडवा, एकदम लेव्हलमध्ये, पुढच्या बाजूला, आणि पेडलला वजन लोंबकळतं. १७२.५ मिमीचा क्रँक आणि २० किलो असेल तर टॉर्क ३३.८ न्यूटन मीटर यायला पाहिजे. असिओमा पेडलच्या अॅपमध्ये अशी तपासणी करायची सोय आहे. यात लोक चुकतात ते वजनात. जिमच्या प्लेटवर २० लिहिलंय म्हणून ती २० नसते, त्यात पट्टा आणि हुक पण धरायला पाहिजे. उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कुणी ओळखीचं असेल तर सोपं, फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये शिक्का मारलेला काटा असतोच, तिथं प्लेट, पट्टा, हुक सगळं एकत्र ठेवून ग्रॅमसकट लिहून आणा. एक-दीड टक्क्याचा फरक आला तर हात लावू नका, कंपन्या स्वतःच एक-दोन टक्क्यांची अचूकता लिहितात. त्याच्या पलीकडं असेल आणि परत परत तेवढाच येत असेल तर कंपनीला कळवा, कारण बऱ्याच मीटरमध्ये स्लोप आपल्याला बदलताच येत नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी अॅपमध्ये क्रँकची लांबी किती टाकलीय ते बघा. पेडलच्या मीटरला लांबी तुम्ही सांगाल तीच खरी, त्यामुळं १७० चा क्रँक असून १७२.५ टाकलं तर सरळ दीड टक्का जास्त दाखवणार. क्रँकच्या आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो, चिखल पुसला की दिसतो.